मोटरहोममधला इन्व्हर्टर: चालू कधी करायचा, बंद कधी ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही कळेल. सेकंडहँड घेतलेली, फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या पॅरललमध्ये, २००० वॅटचा प्युअर साइन (म्हणजे घरच्या लाइटसारखी स्वच्छ लहर देणारा) इन्व्हर्टर, टपावर ४०० वॅटचं सोलर आणि आत घरगुती सिंगल डोअर फ्रिज. रात्री "फ्रिज सोडून काहीच चालू नव्हतं" तरी सकाळी इन्व्हर्टर बीप बीप करून बंद पडलेला. दिवाळीनंतर वडिलांना घेऊन कोकणात जायचंय, ते झोपताना सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशिन) लावतात. तर इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवायचा का, आणि नाही तर नेमका कधी लावायचा.

बंद ठेवायचा. काम आलं की चालू करा, काम झालं की बंद करा, आणि हे काम शक्यतो गाडी पळत असताना किंवा भर दुपारी उन्हात उरकून घ्या. याला अपवाद दोनच, फ्रिज आणि सीपॅप, आणि त्या दोघांनाही इन्व्हर्टरवरून उतरवता येतं, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो घरच्या सवयीमुळे. लोडशेडिंगच्या काळापासून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात इन्व्हर्टर आहे आणि तो कायम चालूच असतो, आपण त्याच्याकडे बघतही नाही. पण घरात तो मेन लाइटवर बॅटरी भरत मागे बसलेला असतो, लाइट गेली की तेवढ्यापुरता पुढे येतो. गाडीत मागे मेन लाइट नाहीच. तिथे बटण चालू म्हणजे त्या क्षणापासून बॅटरी खर्च होतेय, मग तुम्ही काही लावलेलं असो वा नसो. बरेच गाडी बांधणारे तर घरचाच इन्व्हर्टर उचलून सीटखाली बसवतात, त्याचं डोकंच असं बनवलेलं की मेन गेली की लगेच बॅटरीवर जा, म्हणजे तो गाडीत जन्मभर "लाइट गेलीय" असं समजून चालत राहतो. तुमचा निदान गाडीसाठीचा प्युअर साइन दिसतोय, ते चांगलंय.

आता आकडे बघू कारण त्याशिवाय पटणार नाही. २००० वॅटचा इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी साधारण २० ते ३० वॅट स्वतःच खातो. पंखा, ट्रान्सफॉर्मर किंवा आतलं सर्किट गरम राहणं, जे काय असेल ते, पण खातो. २५ वॅट धरा. म्हणजे १२ व्होल्टवर २ अँप, आणि चोवीस तासांत ५० एएच. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून ३०० एएच, पण लेड ॲसिड बॅटरी (ट्युब्युलर त्यातलीच) अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून वापरायला खरे १५० एएच, म्हणजे साधारण पावणेदोन युनिट. त्यातला एक तृतीयांश इन्व्हर्टरने नुसतं चालू राहण्यात घालवला.

त्यावर तुमचा फ्रिज. घरात सिंगल डोअर फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास घेतो, पण गाडीत आत गरम, मागे हवा खेळायला जागा नाही, दार सारखं उघडतंय, त्यामुळे पाऊण युनिट किंवा थोडं वरच धरायचं. इन्व्हर्टरमधून जाताना दहा-पंधरा टक्के गळती. शिवाय फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असतो तेव्हाही इन्व्हर्टर जागाच, त्याचे पाव ते तीन दशांश युनिट वेगळे. सगळं मिळून दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, म्हणजे १०० एएच. आणि ४०० वॅटचं सोलर टपावर सपाट बसवलेलं, चांगल्या उन्हात दिवसभरात एक ते सव्वा युनिट देतं, त्यातही बॅटरीत घालून परत काढताना थोडं जातंच. म्हणजे उघड्यावर, कडक उन्हात, नुसत्या फ्रिजवर हिशेब कसाबसा बरोबरीत सुटतो. तुम्ही गाडी लावली असणार झाडाच्या सावलीत, कारण आत बसवत नाही उन्हात, सगळेच लावतात. झालं, मग रात्री दिवे, पंखा, थोडा टीव्ही, आणि पहाटे बीप. त्यात चोरी नाही, शॉर्ट नाही, बॅटरी खराब आहे असंही लगेच म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. इन्व्हर्टर आपोआप बंद होतो ते साधारण १०.५ व्होल्टला. ती सोय इन्व्हर्टर वाचवायला आहे, बॅटरी वाचवायला नाही. तिथपर्यंत बॅटरी पोचली म्हणजे ती अर्ध्याच्या फार खाली गेली. अशा रात्री चार-दोन झाल्या आणि नंतर गाडी पार्किंगमध्ये आठवडाभर तशीच उभी राहिली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि १५० एएचची बॅटरी नावालाच १५० ची राहते. त्यामुळे बीप वाजेपर्यंत वापरायचं हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

इन्व्हर्टर कशाला लागतच नाही ते आधी बघू, कारण यादी बरीच मोठी निघते. एलईडी दिवे, पाण्याचा पंप, छताचा पंखा, एक्झॉस्ट, हे सगळं १२ व्होल्टवर मिळतं आणि मोटरहोममध्ये बहुतेक तसंच असतं. गाडीच्या आधीच्या मालकाने जर दिवे २३० वर टाकले असतील तर पहिलं ते बदला, फार खर्च नाही. मोबाइलचे चार्जर बघा, बॅटरीतून १२ व्होल्ट डीसी काढायचं, त्याचं २३० एसी करायचं आणि मग चार्जरने परत ५ व्होल्ट डीसी करायचं, कशासाठी? १२ व्होल्टचा यूएसबी सॉकेट बसवा. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर १२ व्होल्टवर चालणारा ६५ किंवा १०० वॅटचा कार चार्जर मिळतो, त्यावर आरामात चालतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, वायफाय राउटर, छोटा टीव्ही, यातल्या बऱ्याच वस्तूंच्या अडॅप्टरवर आउटपुट १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते वाचा. एवढं केलं की संध्याकाळी सात ते सकाळी सात इन्व्हर्टरला हात लावायची गरज उरत नाही, आणि माझ्या मते अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

मग इन्व्हर्टर हवा कशाला? थोड्या वेळाच्या, जास्त वॅटच्या कामांना. मिक्सर हे सगळ्यात चांगलं उदाहरण. माशाच्या कालवणाचं वाटण करायचंय, ७५० वॅटचा मिक्सर सलग पाच मिनिटं जरी फिरवला तरी फार तर ६ एएच गेले. बिनधास्त करा. केसांचा ड्रायर पाच मिनिटं, एखाद्या शर्टला इस्त्री, ड्रिलने एखादं भोक, कॅमेऱ्याच्या चार्जरला १२ व्होल्टचा पर्यायच नाही म्हणून तासभर, ही सगळी इन्व्हर्टरची कामं.

किटलीबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त असतात. एक लिटर पाणी उकळायला गळती धरून साधारण ११५ वॅट-अवर लागतात, म्हणजे ९-१० एएच. चार जणांचा चहा झाला, हे काही फार नाही. पण १५०० वॅटची किटली त्या वेळात बॅटरीतून जवळजवळ १४५ अँप ओढते. ट्युब्युलर बॅटरी सावकाश, तासन् तास थोडं थोडं द्यायला बनवलेली असते, एवढा करंट एकदम मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि बॅटरी अर्धी भरलेली असूनही इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून ओरडायला लागतो. शिवाय बॅटरीवर लिहिलेले १५० एएच हे बहुधा वीस तासांत सावकाश काढले तरचे असतात, दोन तासांत काढायला गेलात तर तेवढे मिळतच नाहीत. म्हणून तुमच्या सेटअपवर ६००-८०० वॅटची छोटी ट्रॅव्हल किटली घ्या, पाणी दुप्पट वेळात गरम होईल, एनर्जी तेवढीच जाईल पण बॅटरी कण्हणार नाही. किंवा गॅसवर ठेवा, चहा गॅसवर चांगलाच होतो.

इंडक्शनचं उत्तर तुमच्यासाठी सरळ नाही. १२०० वॅटवर वीस मिनिटं म्हणजे गळतीसकट ३८-४० एएच. सकाळ संध्याकाळ स्वयंपाक केलात तर दिवसाचा सगळा कोटा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये गेला. आणि इंडक्शनवर आच कमी केली म्हणजे वॅट कमी झाले असं सगळ्यांना वाटतं, पण बऱ्याच स्वस्त इंडक्शनमध्ये कमी आचेला तो पूर्ण पॉवरवर चालू-बंद चालू-बंद होत राहतो, म्हणजे करंटचे धक्के तेवढेच मोठे. लिथियमची ४०० एएचची बँक आणि टपावर ८००-१००० वॅट सोलर असेल तर इंडक्शनवर संसार होतो, असे लोक आहेत. तुमच्या दोन ट्युब्युलरवर गॅसच.

गिझर, टोस्टर, ओव्हन, उष्णता बनवणारं जे जे काही आहे ते सगळं याच खात्यात टाका. आंघोळीचं पाणी गॅसवर गरम करा.

एसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण पुढचा प्रश्न तोच येणार हे मला माहितीये. एक टनाचा साधा एसी चालताना १००० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे बॅटरीतून १०० अँप. तुमच्या वापरण्याजोग्या दीडशे एएचवर तो तासभर, फार तर थोडा वर चालेल आणि बॅटऱ्यांचं कंबरडं मोडेल. एसी फक्त बाहेरची लाइट जोडलेली असताना. आणि लाइट नाही म्हणून रात्रभर इंजिन आयडलवर ठेवून किंवा पोर्टेबल जनरेटर गाडीला खेटून लावून एसी चालवणं हे तर कधीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघंजण मेलेले सापडले, कारण जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. कोकणात नोव्हेंबरपासून रात्री बऱ्यापैकी गार होतात, दोन खिडक्यांना जाळ्या आणि १२ व्होल्टचा छताचा पंखा पुरतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आत लावाच, गॅस वापरता त्यासाठीसुद्धा.

आता वेळेचं गणित. गाडी चालू असताना इन्व्हर्टर वापरणं सगळ्यात चांगलं असं म्हणतात, पण त्याला एक अट आहे, ऑल्टरनेटरमधून (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) घरच्या बॅटऱ्यांपर्यंत (म्हणजे मागच्या, इंजिनच्या नव्हे) काही पोचतंय का. जुन्या गाड्यांमध्ये नुसता रिले टाकून दोन्ही बॅटऱ्या जोडायचे आणि चालून जायचं. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांमध्ये ऑल्टरनेटर स्मार्ट झालेत, पुढची बॅटरी भरली की ते व्होल्टेज पाडतात, मग नुसत्या रिलेवर मागच्या बॅटऱ्या अर्ध्यापोटी राहतात. त्यासाठी मध्ये डीसी टू डीसी चार्जर लागतो, तो पुढचं व्होल्टेज पडलं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढं करून देतो. ३० अँपचा असेल तर साधारण ४०० वॅट मागे पोचत राहतात. पुण्याहून ताम्हिणीने निघून तीन-चार तास गाडी चालली तर ९०-१०० एएच परत आले, म्हणजे तुमचा जवळजवळ दिवसभराचा फ्रिज. गाडी घेताना हे कुणी सांगत नाही, तुमच्यात काय बसवलंय ते सीटखाली बघा. गाडी चालताना ३५० वॅटपर्यंतचं काहीही लावलंत तरी बॅटरीला हात लागत नाही, फक्त घाटात मिक्सर लावू नका, सांडेल.

थांबलेले असाल तर सकाळी अकरा ते तीन. त्या वेळी सोलर २५०-३०० वॅट देत असतं आणि बॅटरी दुपारपर्यंत भरत आली असेल तर पुढचं ऊन तसंही वाया जाणार असतं. लॅपटॉप, ट्रिमर, ड्रोनच्या बॅटऱ्या, रात्रीसाठीचं वाटण, सगळं तेव्हाच करून टाका. उलट सूर्य मावळल्यावर जे काही इन्व्हर्टरवर लावाल ते सगळं उद्याच्या उन्हाच्या उधारीवर. पावसाळ्यात तर सोलरवर काडीचा भरवसा नको, आंबोलीत चार दिवस धुक्यात उभे राहिलात तर ४०० वॅटचं पॅनल दिवसाला पाव युनिट देताना दमतं.

फ्रिजचं काय करायचं? खरा उपाय १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ४०-५० लिटरचा. दिवसाला ३५ ते ४५ एएच घेतो आणि इन्व्हर्टर लागत नाही. महाग आहे हे मान्य, पण तेवढ्याच पैशात तिसरी बॅटरी घेऊन तिला परत याच फ्रिजला खाऊ घालण्यापेक्षा बरा. तोपर्यंत या ट्रिपपुरतं असं करा: फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून बर्फ करून ठेवा, गाडी चालू असताना आणि दुपारच्या उन्हात इन्व्हर्टर लावून फ्रिज पूर्ण गार करून घ्या, रात्री झोपताना इन्व्हर्टर बंद. दार उघडलं नाही तर दूध-भाजी सकाळपर्यंत ठीक राहते. मासे मात्र त्यात ठेवू नका, वेगळ्या आइस बॉक्समध्ये बर्फात ठेवा किंवा त्याच दिवशी संपवा. आणि फ्रिज बंद केला की लगेच परत चालू करायचा नाही, चार-पाच मिनिटं जाऊ द्या, आतलं प्रेशर सम व्हायला वेळ लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर अडकतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो. चालताना १०० वॅट घेणारा फ्रिज सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणूनच छोट्या इन्व्हर्टरवर तो उचलतच नाही.

वडिलांच्या सीपॅपबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथे चूक परवडत नाही. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवली तर बहुतेक मशिन ३० वॅटच्या आसपास चालतात, आठ तासांत २० एएच. ह्युमिडिफायर लावला की हाच आकडा दुप्पट-अडीचपट होतो. कोकणातली हवा तशीही दमट असते, तरी ह्युमिडिफायर बंद ठेवून चालेल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि घरी दोन रात्री तसं झोपून बघू दे, पहिला प्रयोग गुहागरला नको. आता हे ३० वॅटचं मशिन तुमच्या २००० वॅटच्या इन्व्हर्टरवर लावलंत तर रात्रभरात इन्व्हर्टर स्वतः १६-१७ एएच खाणार, म्हणजे जवळजवळ मशिनएवढंच. त्यापेक्षा मशिनच्या कंपनीचा डीसी अडॅप्टर मिळतो तो घ्या. काही मशिन २४ व्होल्टवर चालतात, त्यांचा अडॅप्टर १२ चे २४ करून देतो, म्हणून स्वतः वायर कापून थेट १२ व्होल्टला जोडायचा उद्योग करू नका. अडॅप्टर मिळालाच नाही तर १५०-२०० वॅटचा छोटा प्युअर साइन इन्व्हर्टर फक्त सीपॅपसाठी वेगळा ठेवा, तो रिकामा ४-५ वॅटच खातो. स्क्वेअर वेव्हवाला स्वस्त घेऊ नका, असल्या मशिनला तो चालत नाही. आणि बेडजवळच्या त्या सॉकेटची वायर बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज टाकून आणा, म्हणजे दुसऱ्या कशाने फ्यूज उडाला म्हणून मध्यरात्री मशिन बंद पडायला नको.

काही इन्व्हर्टरला इको किंवा सर्च मोड असतो, लोड नसला की झोपतो आणि दर काही सेकंदांनी डोकावून बघतो. ऐकायला छान वाटतं पण एखादा छोटा चार्जर त्याला लोड म्हणून दिसतच नाही, मग तो चालू-बंद होत राहतो. सीपॅपला हा मोड अजिबात वापरू नका. त्यापेक्षा इन्व्हर्टरचं रिमोट बटण दाराजवळ, दिव्यांच्या बटणांशेजारी लावून घ्या, त्यात लाल दिवा असलेलं. डोळ्यांसमोर असलं की बंद करायचं लक्षात राहतं, सीटखाली वाकून कुणी बंद करत नाही. चालू करताना आधी इन्व्हर्टर मग वस्तू, बंद करताना आधी वस्तू मग इन्व्हर्टर. मिक्सर आणि इस्त्री एकदम नाही.

बाहेरची लाइट मिळाली की काय? २०२१ ला आपल्या राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, पण म्हणून प्रत्येक ठिकाणी नीट प्लग पॉइंट मिळेल असं धरून निघू नका. बहुतेक वेळा होमस्टेवाल्या काकांच्या ओटीवरच्या सॉकेटमधूनच वायर ओढायची असते. तेव्हा इन्व्हर्टर बंद, सगळं थेट लाइटवर, आणि चार्जर बॅटऱ्या भरतोय. तुमचा इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात असेल तर तो स्वतः बदल करतो, वेगवेगळे असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, दोन्ही सप्लाय एकाच वेळी एका वायरिंगवर येता कामा नयेत, इन्व्हर्टर जळतो आणि माणूसही जाऊ शकतो. मागे एक गाडी आली होती, तक्रार हीच, बॅटरी रात्रीत संपते. बघतो तर बॅटरी चार्जरचा प्लग इन्व्हर्टरच्याच सॉकेटमध्ये. म्हणजे बॅटरीच्या जोरावर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरच्या जोरावर चार्जर, आणि चार्जर परत तीच बॅटरी भरतोय, प्रत्येक फेरीत थोडं थोडं गळत. तुमच्याकडेही हे तपासा, सेकंडहँड गाडीत असलं काहीही निघतं. चार्जर फक्त बाहेरच्या लाइटच्या बाजूला असला पाहिजे.

त्या ओटीवरचा सॉकेट साधा ६ अँपचा असतो, त्यावर चार्जर, फ्रिज, पंखा इतकंच. किटली लावायची असेल तर १६ अँपचा मोठा सॉकेट मागा. एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं राहिलं की आतून तापतं. दहा रुपयांची वायर वापरणार असाल तर अंधारातच बसा, ते परवडलं.

अर्थिंगबद्दल. गावाकडच्या बऱ्याच सॉकेटला अर्थिंग नुसतं नावाला असतं. गाडी रबराच्या टायरवर उभी, तुम्ही अनवाणी ओल्या जमिनीवर, आणि दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या, ही तक्रार ऐकली की मी बाकी सगळं सोडून आधी ते बघायला लावतो. जोडायच्या आधी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावून बघा, गाडीच्या आत ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. आणि इन्व्हर्टरवर चालू असताना तो आरसीसीबी काम करतो की नाही हे वेगळं तपासावं लागतं, कारण बऱ्याच इन्व्हर्टरचं आउटपुट गाडीच्या बॉडीशी कुठेच जोडलेलं नसतं आणि मग करंट गळला तरी आरसीसीबी पडत नाही. टेस्ट बटण दाबून पडला म्हणजे हे ठीक आहे असं समजू नका, ते बटण आतल्या आतच करंट फिरवतं. हे काम मोटरहोमचं वायरिंग माहीत असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

वायरींकडेही एक नजर टाका. २००० वॅट पूर्ण लोडला १९० अँप होतात, त्याला दीड-दोन मीटरसाठी ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल लागते. पुष्कळ गाड्यांमध्ये २५ ची टाकलेली असते, तिच्यावर १००० वॅटपेक्षा जास्त घेऊच नका, मग इन्व्हर्टरवर काहीही लिहिलेलं असो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तर नकोच. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये आहेत तर प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घेतलाय का बघा, दोन्ही एकाच बॅटरीवरून असतील तर तीच आधी दमते. मिक्सर लावून पाच मिनिटांनी लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि केबलला हात लावा, फार गरम लागलं तर क्रिंप, म्हणजे लग दाबून बसवलेला जोड, ढिला आहे. आणि पाण्याच्या ट्युब्युलर बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यांच्याच बंद खणात इन्व्हर्टर ठेवलेला असेल तर आधी तो तिथून हलवा, ठिणगीची भीती आहेच पण ॲसिडच्या वाफेने त्याचं बोर्डही खाल्लं जातं.

लिथियमचं विचाराल तर पुढे केव्हातरी जरूर जा. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे सव्वा युनिट आणि त्यातला ८०-९० टक्के वापरता येतो, किटलीच्या करंटला ती खाली बसत नाही. फक्त बऱ्याच १०० एएचच्या बॅटरीचं बीएमएस (आतलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) १०० अँपलाच तोडतं, एका बॅटरीवर २००० वॅट चालणार नाहीत. आणि स्पितीला जायचा बेत असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नसते. बाकी तो वेगळा विषय आहे.

निघायच्या आधी एक करा. गाडीत बाहेरची लाइट जोडून बॅटऱ्या पूर्ण भरा, मग सगळं काढून, इन्व्हर्टर आणि सोलर दोन्ही बंद करून एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.७ असेल तर बॅटऱ्या चार्ज धरून आहेत आणि गुन्हेगार फ्रिज-इन्व्हर्टरची जोडीच. १२.४ च्या खाली असेल तर एकतर गपचूप काहीतरी चालू आहे किंवा एखादी बॅटरी गेलीय, तेव्हा दोघींना सोडवून, तासभर थांबून वेगवेगळं मोजा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळीही बघा. आकडे इथे टाका, सोबत सीटखालच्या चार्जरवर माहिती लिहिलेली पट्टी असते तिचा फोटो टाका, मग डीसी टू डीसी बसवायचा का नुसतं वायरिंग सुधारून भागेल ते सांगतो.